टोपलीचा भाव कोण ठरवतो?



टोमॅटोच्या बांधणीवर लिहायचं कबूल केलं होतं, ते पुढच्या आठवड्यात नक्की. आज जरा वेगळं. विषय मुंबईचा वाटेल, पण हिशेब आपलाच आहे.

कुठल्याही शेतकरी मेळाव्यात साहेब लोक एकच सांगतात, "शेतकऱ्यानं थेट विकावं." मला हे अर्धंच पटतं. मागच्या महिन्यात गिरगावात भाचीकडं गेलो होतो. ती म्हणली, "मामा, खोताच्या वाडीत हातकामाच्या वस्तूंचा बाजार भरलाय, चला." तिथं दोन तास फिरून माझं मत अजून पक्कं झालं.

खोत म्हणलं की आपल्याला वसुलीवाला खोत आठवतो. 1933 साली चरीच्या कुळांनी ज्याच्याविरुद्ध संप केला तो. या वाडीची गोष्ट निराळी. अठराव्या शतकाच्या अखेरीला खोत नावाच्या पाठारे प्रभू गृहस्थानं इथली जागा तुकड्यानं ईस्ट इंडियन कुटुंबांना विकली. लाकडी घरं, पुढं ओटा, वरच्या खोलीला बाहेरून जिना. गल्ली इतकी अरुंद की आपला ट्रॅक्टर तोंडाशीच अडकंल. पूर्वी 65 घरं होती म्हणतात, आता निम्मीसुद्धा राहिली नाहीत. शेजारी केशवजी नाईकांची चाळ, जिथं 1893 साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती बसला.

ईस्ट इंडियन म्हणजे बाहेरचे कुणी नव्हेत. साष्टी-वसईपासूनचे हे मूळचे लोक, ख्रिस्ती झालेले, घरात मराठी बोलणारे. त्यांनी हे नाव 1887 साली घेतलं. मूळ धंदा भातशेती, मीठ, मासेमारी. ऑक्टोबरात नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आगेरा नावाचा सण अजून करतात. एका ओट्यावर त्यांचा बॉटल मसाला विकायला होता. मिरची, हळद, धने आणि बरंच काही उन्हात वाळवून, भाजून, कुटून बाटलीत दाबून भरायचं. हे काम पावसाच्या आधी उरकतात. मिरची कुठली विचारलं तर बाईंनी गावाचं नाव सांगितलं, पिकवणाऱ्याचं नाही. तिथंच मला पहिली ठेच लागली.

बाजार तसा लहानच. वाडीत 2022 पासून 47-ए नावाचं एक दालन आहे, तिथं कारागिरांची आणि कलाकारांची प्रदर्शनं भरतात. फॅशनवाले जेम्स फरेरा यांचं घरही याच वाडीतलं. त्यामुळं असल्या गोष्टींची इथं सवय आहे. कुणी ठशानं छापलेलं कापड मांडलेलं, कुणी मातीची भांडी, एका पोरानं स्वतः कोरलेल्या लाकडी ठशांची चित्रं. हातकागदाच्या वह्या दिसल्या तेव्हा मी त्या पोराला सांगितलं, एकेकाळी आमच्या जुन्नरचा कागद नावाजलेला होता, दप्तरं त्यावर लिहिली जायची. त्याला ठाऊक नव्हतं. आपल्या पोरांना तरी कुठं ठाऊक आहे!

एका ठिकाणी धान्य पाखडायचं सूप रंगवून भिंतीला टांगलेलं. हसू आलं. पण त्याच ताईकडं बांबूची साधी टोपली होती, 950 रुपयांची. तिला चिठ्ठी बांधलेली. विणणाऱ्याचं नाव, गाव, किती वेळ लागला ते. गाडीतून आलेल्या एका बाईंनी भाव पाडून मागितला. ताई शांतपणे म्हणली, "जमणार नाही. दीड दिवसाचं काम आहे, त्याची मजुरी आधी धरली आहे." त्या बाईंनी घेतली हो टोपली!

तुम्ही म्हणाल, बघा, थेट विक्रीचा फायदा. मला तसं वाटत नाही. तिच्याकडं वीस टोपल्या होत्या, न खपल्या तर पुढच्या बाजारात नेईल. माझे तीनशे कॅरेट टोमॅटो खोताच्या वाडीतल्या कुठल्या ओट्यावर मांडू? संध्याकाळपर्यंत पाणी सुटंल. नाशवंत मालाला थांबायची सोय नसते, म्हणून भाव समोरचा ठरवतो. थेट विकण्याचा मंत्र दहा किलो हुरड्याला चालतो, नारायणगावच्या बाजारात उतरणाऱ्या मालाला नाही.

तिच्याकडून घेण्यासारखं दुसरंच होतं. तिनं मजुरी आधी धरली. आपण खर्च लिहितो तेव्हा रोपं, मल्चिंग, सुतळी, बांबू, औषधं, गाडीभाडं सगळं येतं. घरच्या दोन माणसांचे चार महिने कुठं येतात? कृषी खर्च व मूल्य आयोगसुद्धा घरची मजुरी धरतो, त्यालाच ए2 अधिक एफएल म्हणतात. 2018 पासून हमीभाव त्याच्या दीडपट धरून काढतात. जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याज धरून होणारा सी2 खर्च धरा, ही आपल्या संघटनांची जुनी मागणी. टोमॅटोला तर हमीभावच नाही. म्हणून तरी आपल्या वहीत घरच्या मजुरीचा रकाना पाहिजे. भाव आपल्या हातात नाही. पण कुठलं पीक घरच्या कष्टाला पुरून उरतं, हे त्या रकान्याशिवाय कळत नाही.

आता जरा कडू. 950 ला गेली तशीच टोपली आमच्याकडं बुरडाच्या दारात दीडशेला मिळते आणि तिथं माणसं एकशे वीस करून मागतात. हीच माणसं बाजार समितीतून आली की व्यापाऱ्यानं लुटलं म्हणून दिवसभर बोलतात. प्लॅस्टिकचं कॅरेट आल्यावर पाट्या, हारे, कणग्या गेल्या, ते समजू शकतो, कॅरेट सोयीचं आहे. पण सूप, दुरडी, कोंबड्यांचं डालगं अजून लागतंच. आमच्या गावात बुरडाचं एकच घर उरलंय, पोरगा एमआयडीसीत जातो.

लोकरीचं तसंच. धनगर वर्षातून दोनदा मेंढरं कातरतात, दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, गिऱ्हाईक नाही म्हणून बांधावर टाकून देतात. आपण त्यांची मेंढरं खतासाठी शेतात बसवतो, लोकरीचं काही विचारत नाही. तिकडं मुंबईत चिंचोक्याच्या खळीचं, हातमागावरचं घोंगडं लोक हात लावून लावून बघत होते.

सगळंच खरं असतं असंही नाही. हातकामाच्या नावाखाली मशीनचा माल खपतो. ठशाचं कापड असेल तर जोडावर नक्षी जराशी सरकलेली दिसते. अगदी काटेकोर असेल तर शंका घ्या. आणि भाव इतके की गिरगावातल्या चाळकऱ्यानं नुसतं बघून जावं. नावाचं म्हणाल तर ते एकट्याचं असून भागत नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी 2025 मध्ये इटलीच्या प्राडानं तशीच चप्पल नाव न घेता मिलानला चालवली. ओरड झाली, तेव्हा कंपनीनं मूळ कुठलं ते मानलं. आपल्या वायगावच्या हळदीला, आजऱ्याच्या घनसाळला मानांकन आहे. पण पुडीवर कुणा शेतकऱ्याचं नाव बघितलंय का?

एक कामाचं. 2017 च्या दुरुस्तीनंतर शेतातला बांबू कायद्यानं झाड राहिला नाही, तोडायला पूर्वीसारखी अडचण नाही. बांधावर लावणारे बरेच आहेत. नर्सरीवाला जाड, वजनदार जात पुढं करतो. विणायला कोवळा, लांब पेराचा, सरळ चिरणारा बांबू लागतो. रोपं घ्यायच्या आधी गावात बुरूड असेल तर त्याला दाखवा, कुठला चालतो विचारा. आणि तुमच्याकडं टोपलीचा काय भाव चाललाय, गावाच्या नावासह खाली लिहा.