संगणक क्षेत्रातील पहिली नोकरी : शिकाऊ की कामगार?

संगणक क्षेत्रातील तरुणांचा विषय निघाला की आपल्या शाखांच्या बैठकांतून एक ठरावीक वाक्य हटकून कानी पडते : "ती पांढरपेशी पोरे; लठ्ठ पगार, वातानुकूलित कचेऱ्या; त्यांना संघटना कशाला हवी?" हे वाक्य पंचवीस वर्षांपूर्वीही अपुरे होते. आज ते निखालस चुकीचे आहे, आणि ज्या पक्षाने वेतनश्रमाचे शास्त्र शिकविले त्या पक्षाच्या सभासदांच्या तोंडी तर ते मुळीच शोभत नाही.

प्रथम वेतनाचीच गोष्ट घेऊ. २०१० च्या आसपास बड्या भारतीय सॉफ्टवेअर कंपन्या नव्या अभियंत्याला वर्षाला तीन ते सव्वातीन लाख रुपये देत. आज त्याच कंपन्यांच्या सर्वांत खालच्या पायरीवरील नेमणुकीचा आकडा ३ लाख ३६ हजार ते ३ लाख ६० हजारांच्या घरात आहे. या काळात धान्य, तेल, खोलीभाडे, बसभाडे कोठे गेले हे वाचकांना सांगावयास नको. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कॉग्निझंट कंपनीने २ लाख ५२ हजारांची जाहिरात दिली तेव्हा मोठा गदारोळ झाला. हा देकार अभियंत्यांसाठी नसून तीन वर्षांच्या साध्या पदवीधरांसाठी आहे, असा खुलासा कंपनीने केला. खुलासा खरा होता. पण विज्ञान वा वाणिज्य शाखेच्या पदवीधराला महिना एकवीस हजारांत पुण्यात किंवा बंगळूरला जगता येते, असे त्याने सिद्ध होत नाही. ३ लाख ६० हजार म्हणजे महिना तीस हजार, तेही कागदावर. भविष्यनिर्वाह निधी आणि इतर कपाती गेल्यावर जे उरते त्यात हिंजवडीजवळच्या खोलीतील एका खाटेचे भाडे, खाणावळ आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता बसवावयाचा असतो.

हे कर्ज कोठून आले? १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडून दिले. त्या दारातून शिक्षणसम्राटांची एक पिढी आत आली, आणि लातूर, परभणी, जळगावच्या मध्यम शेतकऱ्याने व शाळामास्तराने आपली जमीन किंवा निवृत्तीची पुंजी त्याच दारात ओतली. त्या घराच्या दृष्टीने मुलाची पहिली नोकरी ही कर्जफेडीची पहिली तारीख असते. ती जितकी लांबते, तितके व्याज चढते.

आणि ती लांबविली जाते. २०२२ साली पदवी घेतलेल्या हजारो तरुणांच्या हाती नेमणुकीची पत्रे होती, पण रुजू होण्याची तारीख नव्हती. विप्रोने २०२३ च्या फेब्रुवारीत, साडेसहा लाखांचे आश्वासन देऊन प्रशिक्षण पुरे करवून घेतलेल्या उमेदवारांना साडेतीन लाखांवर समाधान मानण्यास सांगितले. इन्फोसिसने २०२२ च्या तुकडीतील काही उमेदवारांना २०२४ च्या ऑक्टोबरात, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ तिष्ठत ठेवल्यावर, म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रात घेतले. पुढे ७ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांतील तीनशेहून अधिक जणांना, अंतर्गत परीक्षा तीनदा देऊनही उत्तीर्ण झाले नाहीत या कारणास्तव, एका दिवसात काढून टाकले. पुण्यातील नाइट्स या संघटनेने हा आकडा सातशेच्या आसपास असल्याचे सांगितले व बळजबरीचा आरोप केला. कंपनीने तो नाकारला. आकड्याचा वाद क्षणभर बाजूला ठेवला, तरी दोन वर्षे वाट पाहावयास लावून चार महिन्यांत हाकलणे ही गोष्ट निर्विवाद उरते.

मार्क्सने बेकारांच्या राखीव फौजेचे विवेचन केले ते आपण अभ्यासवर्गांतून शिकवितो. येथे त्या फौजेची एक नवी तऱ्हा दिसते. हा तरुण निव्वळ बेकार नव्हे. त्याच्या खिशात कंपनीचे पत्र आहे. त्या पत्रामुळे तो दुसरीकडे धडपड करीत नाही, गावात बेकार म्हणवून घेत नाही आणि सरकारच्या लेखी तक्रारदारही ठरत नाही. कंपनीला मात्र परदेशातील गिऱ्हाइकाचे काम आले की हुकमी हात मिळतात. न आले तर खर्च शून्य. राखीव फौज पोसण्याचा भार तिने त्या तरुणाच्या आईबापांवर टाकलेला असतो.

गिरणगावच्या जुन्या साथींना यात ओळखीचे काही दिसेल. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार होता. १९३५ पासून त्याची रीतसर नोंद होऊन त्याला कार्ड मिळू लागले. ते घेऊन तो रोज सकाळी फाटकाशी उभा राही. कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत घरी. बदलीला कायम करा, ही १९८२ च्या संपातीलही एक मागणी होती. आजचे नेमणूकपत्र हे ते कार्डच होय. फरक इतकाच, आणि तो लहान नाही, की बदली कामगार फाटकाशी दुसऱ्या बदली कामगाराच्या खांद्याला खांदा लावून उभा असे. हा मुलगा आपल्या गावी, आपल्या खोलीत, एकटाच दूरध्वनीच्या पडद्याकडे पाहत बसतो आणि आपणच कोठे तरी कमी पडलो असे समजतो.

जॉबरही गेलेला नाही. त्याचे नाव आता 'कन्सल्टन्सी' आहे. हैदराबादच्या अमीरपेठेत संगणकशिक्षणाच्या वर्गांची दाटी प्रसिद्ध आहे. पुण्यातही तसे वर्ग गल्लोगल्ली आहेत. त्यांतले बरेच प्रामाणिकपणे शिकवितात. परंतु त्यांच्याच सावलीत पैसे घेऊन 'मागच्या दाराने' नोकरी देणारे आणि दोन वर्षांच्या खोट्या अनुभवाचे दाखले विकणारेही आपले दुकान मांडतात. या दुकानांना गिऱ्हाईक कोण पुरविते? नवख्यांसाठीच्या जाहिरातीत दोन वर्षांचा अनुभव मागणारे मालकच पुरवितात. पुढे चौकशीत दाखला खोटा निघाला की मुलगा कायमचा बाद होतो आणि दुकानदार नवी पाटी लावतो.

इंग्रजी मजकूर मराठीत आणणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे या क्षेत्रातील शब्दांशी झटापट नेहमीचीच. नव्या माणसाला तेथे 'फ्रेशर' म्हणतात. ताज्या भाजीला लावावा तसा शब्द. कामावरच्या माणसाला 'रिसोर्स' म्हणतात, म्हणजे साधनसामग्री. काम न देता बसवून ठेवलेल्याला 'बेंच'वर आहे म्हणतात. यांतल्या एकाही शब्दाचे 'कामगार' असे भाषांतर कोणी करू धजत नाही. शब्दकोशात अडचण नाही. अडचण वेगळीच आहे. 'कामगार' म्हटले की त्याच्यामागून कायदा येतो.

म्हणून कायद्याकडे वळू. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात कामगाराची जी व्याख्या होती तिच्यात कंसात दोन शब्द होते : शिकाऊ उमेदवारासह. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्या व्याख्येतही कंस आहे, पण आता तो म्हणतो : शिकाऊ उमेदवार वगळून. त्र्याहत्तर वर्षांत एका कंसाने कूस बदलली. म्हैसूरच्या प्रकरणात कर्नाटकच्या कामगार खात्याने कामगार कायद्याचा भंग आढळला नाही असा निष्कर्ष काढल्याचे आणि ही मुले शिकाऊ होती हे त्याचे कारण असल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. तेव्हा तर जुनाच कायदा लागू होता!

पण नव्या कंसातील शब्द नीट वाचले पाहिजेत. संहितेने प्रत्येक 'ट्रेनी'ला वगळलेले नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमात सांगितलेला शिकाऊ तेवढाच तिने वगळला आहे. त्या अधिनियमाखालील शिकाऊ हा शिकाऊपणाच्या करारानुसार प्रशिक्षण घेणारा असावा लागतो आणि तो करार शिकाऊ सल्लागाराकडे नोंदवावा लागतो. कंपनीने नेमणूकपत्रावर 'ट्रेनी' असे छापले म्हणून कोणी त्या अर्थाने शिकाऊ होत नाही. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारावा की करार कोठे नोंदविला आहे, त्याचा क्रमांक दाखवा. तो नसेल तर हा तरुण तांत्रिक काम करणारा वेतनी माणूस आहे.

लठ्ठ पगाराच्या आक्षेपालाही येथेच उत्तर मिळते. संहितेतील अठरा हजार रुपयांची मर्यादा देखरेखीचे काम करणाऱ्यांपुरती आहे. तांत्रिक काम करणाऱ्याला वेतनाची कोणतीही मर्यादा नाही. कामगार कोण हे पगाराने ठरत नसून कामाच्या स्वरूपाने ठरते. चेन्नईच्या एका कामगार न्यायालयाने २०१६ साली एका बड्या कंपनीच्या सॉफ्टवेअर अभियंत्याला कामगार मानून त्याला पुन्हा कामावर घेण्याचा आदेश दिला, तो याच विचाराने. जो स्वतःच्या हाताने प्रोग्राम लिहितो, तपासतो, दुरुस्त करतो आणि ज्याच्या हाताखाली कोणी नाही, त्याला व्यवस्थापक म्हणणे हा विनोदच आहे.

बड्या कंपन्यांची चर्चा निदान वृत्तपत्रांतून होते. खरी कुचंबणा पन्नास-शंभर माणसांच्या लहान कंपन्यांत आहे. तेथे पहिल्याच दिवशी मुद्रांकपत्रावर दोन-तीन वर्षांचा सेवाकरार लिहून घेतात, आधी सोडल्यास लाख-दोन लाखांचा दंड ठरवितात, आणि कित्येक ठिकाणी मूळ गुणपत्रिका व पदवी आपल्या कपाटात ठेवून घेतात. संहितेने स्थायी आदेशांची, म्हणजे नोकरीच्या लेखी व प्रमाणित शर्तींची, सक्ती तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरतीच ठेवली आहे. पूर्वी केंद्रीय कायद्यात ही मर्यादा शंभर होती. जेथे दंडाचा कागद सर्वांत निर्दय असतो, तेथेच स्थायी आदेश पोचत नाहीत.

दंडाच्या कागदाविषयी भीतीही फार आणि गैरसमजही फार. १८७२ च्या करार अधिनियमाचे सत्ताविसावे कलम धंद्याच्या स्वातंत्र्याला अटकाव करणारा करार निरर्थक ठरविते, आणि चौऱ्याहत्तरावे कलम सांगते की रक्कम कागदावर कितीही लिहिलेली असो, भरपाई वाजवीच मिळेल. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून दोन लाख रुपये घेण्याची अट वैध ठरविली. हा निकाल मालकमंडळी आता सर्रास पुढे करतील. पण ती सार्वजनिक क्षेत्रातील बँक होती, जागा अधिकाऱ्याची होती आणि खुल्या स्पर्धेतून नवी भरती करण्याचा खर्च न्यायालयाने विचारात घेतला होता. चार भिंतींच्या कंपनीने दोन आठवडे चित्रफिती दाखवून दोन लाखांचे 'प्रशिक्षण' दिल्याचा दावा केला, तर तो निकाल तिला आपोआप लागू होत नाही. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्याला तर कोणत्याच निकालाचा आधार नाही.

मालकांचा एक युक्तिवाद मात्र ऐकून घ्यावा असा आहे. ते म्हणतात, महाविद्यालयातून येणाऱ्या मुलाला काम येत नाही. तीन-चार महिने आम्हालाच शिकवावे लागते. यात तथ्य आहे. अभ्यासक्रम शिळे आहेत, प्रयोगशाळा नावापुरत्या आहेत. परंतु शिकवण्याचा खर्च कोणी सोसावा? ज्याने चार वर्षांचे शुल्क भरले त्यानेच दोन वर्षे वाट पाहून, दंडाच्या कागदावर सही करून तो पुन्हा सोसावा, ही रीत कोणत्या धंद्यात चालते? आणि आता तर शिकवायचेच नाही, असा कल दिसतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस व विप्रो या तिघींची मिळून मनुष्यसंख्या सुमारे ६४ हजारांनी घटली. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे आज चाचण्या घेणे, किरकोळ चुका दुरुस्त करणे, टिपणे लिहिणे ही कामे करू लागली आहेत. नवखा माणूस नेमका याच कामांतून शिकत असे.

बंगळूरची किटू आणि पुण्याची नाइट्स या संघटना गेली काही वर्षे या क्षेत्रात झगडत आहेत. त्यांच्या तक्रारींमुळेच म्हैसूरचे प्रकरण केंद्रीय कामगार मंत्रालयापर्यंत गेले. पण तरुण त्यांच्याकडे येतो तो बहुधा काढून टाकल्यावर. तोवर सही झालेली असते. बेळगाव, इंदूर, वडोदरा, नागपूर, हैदराबाद येथील आपल्या साथींना त्याआधीच काही करता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी मोर्चाही लागत नाही. शेवटच्या वर्षाच्या वसतिगृहात दोन संध्याकाळी बसून नेमणूकपत्र आणि सेवाकरार ओळीओळीने मराठीत वाचून दाखवावा. मूळ प्रमाणपत्रे द्यावयाची नाहीत, साक्षांकित प्रती द्यावयाच्या, हे सांगावे. ज्यांना एकाच कंपनीची पत्रे आली आहेत त्यांची एक यादी करून त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यावी, म्हणजे रुजू होण्याची तारीख लांबली तर पत्र एकट्याने न जाता चाळीस सह्यांनी जाईल. कंपन्या महाविद्यालयांत उतरतात त्या साधारणतः जुलै-ऑगस्टपासून. वसतिगृहांत जावयाचे ते त्याच्या आधी.