घड्याळ एकच असावे, पण हजार भागांचे नको

१९९८ साली स्वॉच या स्विस घड्याळ कंपनीने 'इंटरनेट टाइम' नावाची नवी कालगणना जाहीर केली. दिवसाचे २४ तास सोडून १००० भाग करायचे. एका भागाचे नाव 'बीट'. एक बीट म्हणजे १ मिनिट २६.४ सेकंद. दिवसाची सुरुवात धरायची ती कंपनीचे मुख्यालय असलेल्या बील शहराच्या मध्यरात्रीपासून. देश कोणताही असो, ५२० बीट म्हणजे सगळीकडे ५२०च. ऑनलाइन बोलणाऱ्यांना 'तुमचे सहा की आमचे सहा?' असे विचारावे लागू नये, हा हेतू.

आमच्या वर्गात यावर वाद रंगला तेव्हा बहुतेक जण 'ही पद्धत परत आणा' या बाजूचे होते. मी विरोधात होतो आणि अजूनही आहे. पण माझा विरोध अर्धाच आहे. 'हजार भाग' आणि 'सर्वांचे एक घड्याळ' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकत्र केल्या की गोंधळ होतो.

आधी हजार भाग. मित्रांचा मुद्दा असा की १ एप्रिल १९५७ पासून भारताने रुपयाचे १६ आणे सोडून १०० नवे पैसे केले, ते सगळ्यांनी स्वीकारले, मग वेळेचेच काय अडले? याचे उत्तर फ्रान्सने दिलेले आहे. क्रांतीनंतर १७९३ साली तिथे दिवसाचे १० तास, तासाची १०० मिनिटे आणि मिनिटाचे १०० सेकंद असा कायदा झाला. १७९५ मध्ये त्याची सक्ती उठली. त्याच क्रांतीतून आलेला मीटर मात्र जगभर गेला. माझ्या मते कारण सरळ आहे. लांबी आणि वजनाची मापे गावोगाव वेगळी होती, त्यामुळे मीटरने रोजची अडचण दूर केली. दिवसाचे २४ तास मात्र सगळीकडे सारखेच होते. नसलेली अडचण सोडवायला कोणी घड्याळ बदलत नाही.

शिवाय २४ आणि ६० हे आकडे कामाचे आहेत. २४ ला २, ३, ४, ६, ८ आणि १२ ने पूर्ण भाग जातो. गार्ड ड्यूटी तीन पाळ्यांत वाटायची तर आठ-आठ तास. हजार बीट तिघांत वाटून पाहा, ३३३ बीट आणि वर एक तृतीयांश! आपल्याकडच्या जुन्या गणनेतही दिवसाच्या ६० घटिका आणि घटिकेची ६० पळे होती. आपले पूर्वजही भाग पाडायला सोपा आकडाच निवडत होते.

आता दुसरी गोष्ट, सर्वांचे एक घड्याळ. ही कल्पना मला पूर्ण पटते, पण त्यासाठी बीट लागत नाहीत. सैन्यदले आणि वैमानिक हे काम कधीपासून 'झुलू' वेळेवर करतात. झुलू म्हणजेच यूटीसी, जागतिक प्रमाणवेळ. भारत तिच्यापुढे साडेपाच तास. म्हणजे पहाटे ५.३० ला झुलू घड्याळात बरोबर ०००० वाजतात आणि नवी तारीख लागते. बील शहराच्या हिशेबाने आपली तारीख पहाटे ४.३० ला बदलेल आणि जपानची सकाळी ८ वाजता, मुले शाळेला निघाली असताना. एका कंपनीच्या मुख्यालयावरून जगाने आपला दिवस का मोजावा?

तरीही स्थानिक वेळ पुसून टाकू नये, असे मला वाटते. माझे बाबा सध्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानमध्ये आहेत. तिथले घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे. रविवारी संध्याकाळी ५ वाजता माझी फोनची पाळी येते, तेव्हा त्यांच्याकडे दुपारचे दीड वाजलेले असतात. बीटमध्ये दोघांकडे ५२०. फोन जुळवायला तेवढा आकडा पुरतो. पण 'दीड' म्हटले की ऊन डोक्यावर आहे हे मला कळते आणि मी पहिला प्रश्न विचारतो, "बाबा, जेवलात का?" ५२० या आकड्यावरून तो प्रश्न सुचणार नाही. घड्याळ 'कधी' हे सांगते, तसेच 'समोरच्याचा दिवस कुठे आला आहे' हेही सांगते. वेळेतला फरक ही अडचण आहे, पण ती माहितीही आहे. आपल्या शाळेतल्या किती तरी मुलांचे पालक जहाजावर, सीमेवर किंवा परदेशात आहेत. त्यांना हे वेगळे सांगायला नको.

म्हणून माझी सूचना साधी आहे. ऑनलाइन पालकसभा, माजी विद्यार्थ्यांचे व्याख्यान, प्रश्नमंजूषा, अशा प्रत्येक सूचनेत भारतीय वेळेशेजारी झुलू वेळही लिहावी. उदाहरणार्थ, 'संध्याकाळी ६.००, झुलू १२३०'. कॉम्प्युटर लॅबमध्ये भिंतीवर दुसरे घड्याळ लावावे, झुलू वेळेचे. खर्च एका घड्याळाचा. उद्या जे कॅडेट सेनादलांत जातील त्यांना ही वजाबाकी रोज करावी लागणार आहे. ती आत्ताच अंगवळणी पडेल, आणि दूर असलेल्या पालकांना सभा नेमकी केव्हा आहे हे विचारावे लागणार नाही.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी