पिकांची नोंद आणि कसणाऱ्याचा हक्क

७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल तयार करण्यास मनाई केली. साखरेचे उत्पादन घटणार, असे अंदाज त्या वेळी मांडले जात होते; एकट्या महाराष्ट्रात ते सुमारे ८८ लाख टनांवर येईल, असे सांगितले गेले. प्रत्यक्षात हंगाम संपला तेव्हा राज्यात सुमारे ११० लाख टन साखर तयार झाली होती. नोव्हेंबरच्या अवकाळी पावसाने उभ्या उसाला हात दिला, हे खरे. परंतु अंदाजाला अंदाज न मानता त्यावर धोरण फिरवले गेले. त्याचा भार इथेनॉलसाठी कर्जे काढलेल्या कारखान्यांवर, म्हणजे अखेरीस कोल्हापूर-सांगलीच्या ऊस उत्पादकावर पडला. आठवडाभरात मनाई थोडी सैल झाली. ती पुरती उठायला ऑगस्ट २०२४ उजाडला.

ऊस हे आपल्याकडचे सर्वांत काटेकोरपणे मोजले जाणारे पीक. कारखान्याकडे लागणीची नोंद असते, प्रत्येक खेपेचे वजन होते. ज्याचा हिशेब काट्यावर होतो त्या पिकाची ही गत, तर गगनबावड्याच्या उतारावरील नाचणीचे किंवा आजऱ्याच्या भाताचे आकडे कितपत खरे मानावेत?

उत्पादनाचा आकडा दोन गोष्टींवर उभा असतो : पिकाखालील क्षेत्र आणि हेक्टरी उतारा. उतारा पूर्वी नजरअंदाजाने ठरे. साताऱ्यातील बुध गावी जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात ही रीत मोडण्यात मोठा वाटा उचलला. गाव, शेत आणि शेतातील तुकडा चिठ्ठी टाकावी तसा निवडायचा, तेथील पीक कापून, मळून, तोलायचे. तुकडा फार लहान घेतला तर कडेची रोपे आत ओढली जातात आणि उतारा फुगतो, हेही त्यांनी दाखवून दिले. सदैव एकाच बाजूला झुकणारी चूक नमुने वाढवूनही फिटत नाही. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ साली आली, तेव्हापासून याच कापणी प्रयोगांवर भरपाईचा निवाडा अवलंबून राहिला आहे. काही शेतांतील तोल चुकला की साऱ्या महसूल मंडळाचा हक्क बुडतो.

क्षेत्राचा आकडा गाव नमुना बारामधून येतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात खातेदाराने स्वतः मोबाइलवर ई-पीक पाहणी करावी, अशी व्यवस्था झाली. हेतू चांगला आहे. पण ही व्यवस्था खातेदारालाच ओळखते. १९४८ च्या कुळकायद्याच्या धाकाने मालक खंडाचा कागद करत नाही. तोंडी करारावर राबणारा वाटेकरी त्यामुळे दप्तराबाहेरच राहतो. नवऱ्याच्या नावच्या रानात हयात घालवणाऱ्या बाईचेही तेच. महापुरात पीक कुजते ते कसणाऱ्याचे. भरपाई मात्र सातबारावरील नावाने निघते. ही केवळ कारकुनी चूक नव्हे. ज्याची नोंद नाही, त्याला विमा नाही, पीककर्ज नाही आणि राष्ट्राच्या शेतीच्या चित्रात जागाही नाही.

म्हणून आकडेवारी हा तज्ज्ञांचा विषय म्हणून सोडून देणे आपल्याला परवडणारे नाही. प्रत्येक हंगामात नमुना बाराचे चावडीवाचन झाले पाहिजे. कापणी प्रयोग गावासमोर व्हावेत आणि वजन त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे. मालकी हक्काला धक्का न लावता प्रत्यक्ष कसणाऱ्याची वेगळी नोंद व्हावी. सरकारने उत्पादनाचा अंदाज जाहीर करताना तो किती चुकू शकतो, हेही सांगावे.

या मागण्यांसाठी दिल्लीला जाण्याची गरज नाही. आरंभ आपल्या गावच्या चावडीत, आपल्या डोळ्यांदेखत लिहिल्या जाणाऱ्या एका ओळीपासून करता येईल. कार्यकर्त्यांनी ती ओळ वाचायला आणि गावाला वाचून दाखवायला शिकले पाहिजे.