कार्बोरेटर ट्यूनिंग फुकट करू नका

आरएक्स १०० ला एक्स्पान्शन चेंबर आणि ओपन फिल्टर बसवता, वर 'कार्बोरेटर फुकट सेट करून देतो' म्हणता? मला हे अजिबात पटत नाही. हवा वाढली की मिश्रण लीन होतं. गाडी चपळ वाटते, गिऱ्हाईक खूश. मग हायवेवर पिस्टन जाम, आणि नाव तुमच्या गॅरेजचं!

मेन जेट आधी मोठाच टाका, मग एकेक नंबर उतरवा. नवा प्लग लावून मोकळ्या रस्त्यावर फुल थ्रॉटल पळवा, क्लच दाबून इंजिन तिथंच बंद करा, प्लग बघा. पांढरा म्हणजे लीन, काळा-ओला म्हणजे रिच, कॉफी रंग बरोबर. (एअर स्क्रू पिळून हे होत नाही, तो आयडलपुरता.)

हा वेळ बिलात वेगळा लावा, जेट नंबरासकट. कुणी कुरकुरलं तर शेजारी बोअरिंग आणि नव्या पिस्टनचा खर्च लिहून दाखवा.