कारखाना म्हणता, मग कामगार कोण?

न्यूजीन्स या मुलींच्या कोरियन गटाचा 'गेट अप' हा अल्बम मला आवडतो, असे रॉक आणि रॅप ऐकणाऱ्या मित्रांमध्ये सांगितले की उत्तर ठरलेले असते : "हे संगीत नाही, कारखान्यातला माल आहे." बहुतेकांनी तो पूर्ण ऐकलेलाही नसतो. गाणी फक्त ६, सगळी मिळून जेमतेम १२ मिनिटे. नाकारण्यासाठी एवढाही वेळ देता येत नसेल, तर त्याला अभिरुची म्हणायचे की सवय?

जुलै २०२३ मध्ये आलेल्या या अल्बममध्ये आहे काय? 'सुपर शाय'च्या तालात जर्सी क्लब आहे, म्हणजे अमेरिकेतल्या न्यूअर्कच्या कृष्णवर्णीय तरुणाईने नाचण्यासाठी घडवलेला ठेका. 'कूल विथ यू'मध्ये लंडनचे गराज आहे. ताल असा पळत असतो, आणि वर गाणाऱ्या मुली मात्र शेजारी बसून बोलावे तशा हळू गातात. आरडाओरडा नाही, आवाजाची कसरत नाही. या ताणातच अल्बमची सगळी गंमत आहे.

'ईटीए'चा संगीत-निर्माता २५० (हो, हेच त्याचे नाव) याने २०२२ मध्ये 'पोंग' हा स्वतःचा अल्बम काढला होता. कोरियात ज्या पोंगचाक गाण्यांना हलके, म्हाताऱ्यांचे, हायवेवरच्या कॅसेटींचे संगीत म्हणून हसले जाई, त्यांवर तो बेतलेला. २०२३ च्या कोरियन म्युझिक अवॉर्ड्समध्ये तोच वर्षाचा सर्वोत्तम अल्बम ठरला. म्हणजे माणूस तोच, कानही तेच. एकट्याच्या नावाने आला की कलावंत, मुलींच्या गटासाठी काम केले की माल? गाण्याची किंमत ते कुठल्या घरात जन्मले यावरून ठरवण्याचा हा प्रकार आपल्याला तरी ओळखू यायला हवा.

आणि कारखान्याचेच म्हणाल, तर डेट्रॉईटमध्ये मोटाउन उभी करणारा बेरी गॉर्डी आधी मोटारींच्या कारखान्यात कामाला होता. गाणी लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, गायिकांना उठण्याबसण्याची रीत शिकवणारेही वेगळे, ही पद्धत त्याचीच. आज त्या गाण्यांना सगळे अभिजात म्हणतात. पिअर बोर्द्यू १९७९ च्या 'डिस्टिंक्शन'मध्ये म्हणतो तेच खरे : आवडीनिवडीतून माणूस स्वतःची पायरी दाखवत असतो. शाळकरी मुलींना आवडते ते उथळ, पुरुषांना आवडते ते गंभीर, ही उतरंड संगीताची नाही, ऐकणाऱ्यांची आहे.

तरीही 'कारखाना' हा शब्द मी टाकून देणार नाही. तो खराच आहे. पण मग कामगाराबद्दलही बोला. २००९ मध्ये टीव्हीएक्सक्यू गटातले तिघे १३ वर्षांच्या कराराविरुद्ध न्यायालयात गेले, आणि त्याच वर्षी आलेल्या नमुना कराराने मुदत ७ वर्षांवर आणली. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूजीन्सची हानी कामाच्या ठिकाणी होणाऱ्या छळाबद्दल बोलायला कोरियाच्या संसदीय समितीपुढे गेली. पुढच्याच महिन्यात कामगार खात्याने सांगितले की कायद्याच्या व्याख्येत ती कामगार बसत नाही, म्हणून तक्रार निकाली.

कारखाना आहे, माल आहे, नफा आहे, फक्त कामगार नाही. आमच्या रॉकप्रेमी मित्रांना यावर राग आलेला मी अजून पाहिलेला नाही.