शेणखत नव्हे, आपली घाई वाईट

पाऊस तोंडावर आला की आजऱ्यात ताज्या शेणखताची ट्रॉली दारात रिकामी होते. उकिरड्यावरून थेट परसात! मग काटेमाठ, कुरडू, गाजर गवत माजले की "शेणखतच वाईट" म्हणायचे आणि तणनाशकाचा पंप पाठीला लावायचा.

दोष खताचा नाही, घाईचा आहे. तणांचे पुष्कळ बी जनावराच्या पोटातून जिवंतच बाहेर पडते. शिवाय बी धरलेले गवत उकिरड्यावर टाकतो आपणच. 1955 च्या सुमारास पुण्यात नजरेस आलेले गाजर गवत आज गावोगाव आहे. त्याच्या एका झाडाला हजारो बिया येतात.

शेणात पालापाचोळा मिसळून तीन-चार फूट उंच ढीग करा. ओल हवी, पण मुठीत दाबल्यावर पाणी गळू नये. आत 55 ते 60 अंश उष्णता काही दिवस टिकली की बहुतेक बी मरते. कडा थंड राहतात, म्हणून ढीग दोन-तीनदा उलथून कडेचे आत घ्या. आपल्याकडच्या पावसात वर झाकण हवेच, नाहीतर ढीग थंड पडतो, सत्त्वही वाहून जाते. लव्हाळ्याच्या गाठी त्यात टाकूच नका.

"उष्णतेनेही जीव मरतातच ना?" मरतात. आरंभी हिंसा गृहस्थाला पूर्ण चुकत नाही, म्हणून तर यत्नाचार. पण वर्षानुवर्षांची फवारणी, खुरप्याखाली तुटणारी गांडुळे खर्चाच्या बाजूला मांडा. चार महिने थांबण्याएवढा स्वस्त सौदा दुसरा नाही.