जुन्या लॅपटॉपचे बलाबल

विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तुळजापूर तालुक्यातील जळकोटसारख्या गावी चिकित्सालय चालविणाऱ्या वैद्यबंधूंपुढे त्यामुळे प्रश्न उभा राहतो : वर्षानुवर्षांच्या रुग्णनोंदी सांभाळणाऱ्या जुन्या लॅपटॉपचे काय करावे?

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण व टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा लागते. अनेक जुनी यंत्रे येथेच अपात्र ठरतात. नियमांना बगल देऊन त्यांच्यावर नवी प्रणाली लादणे म्हणजे रुग्णाचे बल न पाहता तीक्ष्ण औषध देणे होय. अशा यंत्रास लिनक्स ही मुक्त प्रणाली मानवते. सी-डॅकची ‘बॉस’ प्रणालीही तिच्यावरच आधारलेली आहे. मात्र विंडोजसाठी लिहिलेल्या आज्ञावली व त्यांचे जुने, युनिकोड नसलेले मराठी फाँट तेथे चालतीलच असे नाही.

म्हणून सर्व नोंदींची प्रत आधी बाह्य डिस्कवर घ्यावी, दुसऱ्या संगणकावर ती उघडून वाचून पाहावी आणि मगच बदलास हात घालावा. पूर्वकर्मावाचून प्रधानकर्म नाही, हे आपण जाणतोच. यंत्र बाजारात पुन्हा मिळेल. रुग्णाने विश्वासाने सांगितलेला पूर्ववृत्तान्त मिळणार नाही.